पीएचपीकडून जावाकडे जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठ वर्षं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत कोड लिहिला, गेली सहा वर्षं जावा या दुसऱ्या भाषेत लिहिते आहे. दोन्ही नागपुरातच. रविवारी सकाळी प्रतापनगरात आमच्या घरी चार-सहा जण लॅपटॉप घेऊन येतात. कोणाला कॉलेज सोडून दोन वर्षं झालेली असतात, कोणी बाळंतपणानंतर पुन्हा कामाला लागायच्या तयारीत असते. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. उदाहरणं पीएचपी आणि जावाची आहेत, कारण त्या वाटेने मी स्वतः गेले आहे. पायथनकडून किंवा डॉटनेटकडून येणाऱ्यांचे खड्डे वेगळे असतील, पण त्यांनाही यातलं पुष्कळ लागू पडेल.

ताई, पीएचपी आता संपली, म्हणून सोडायची का?

संपलेली नाही. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस तिच्यावर चालतं, विकिपीडियामागचं मीडियाविकी तिच्यावर चालतं. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ती चांगलीच वेगवान झाली, २०२० च्या आठव्या आवृत्तीने टाइपच्या, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर चालेल याच्या, बाबतीत आणखी शिस्तीची झाली. जिच्यावर आजवर घर चाललं तिला नावं ठेवून निघू नका. मी आता मुलाखती घेते, आणि आधीच्या भाषेबद्दल वाईट बोलणारा उमेदवार मला लगेच खटकतो. त्याने ती नीट शिकलीच नव्हती, अशी शंका येते.

भाषा सोडण्याचं कारण काम असावं. मला पैशांच्या मोठ्या व्यवहारांचं काम करायचं होतं: विमा, बँका, गोदामांचे हिशेब. नागपुरात ते काम विमानतळाजवळच्या मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांत आणि परसोडीच्या आयटी पार्कातल्या काही ऑफिसांत होतं, आणि मी पाहिलेल्या जाहिरातींत बहुतेक ठिकाणी जावा नाहीतर डॉटनेट मागितलेलं असायचं. म्हणून जावा. तुम्हाला छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवण्यात आनंद असेल, हातात गिऱ्हाईक असेल, तर मी तुम्हाला भाषा बदला असं सांगणार नाही.

किती दिवसांत येते?

रोज दीड तास बसलात तर तीन-चार आठवड्यांत लिहिता येते. दुसऱ्याने लिहिलेलं वाचून समजायला तीनेक महिने लागतात. आणि रात्री सर्व्हर बंद पडल्यावर कोणाला न विचारता हात बरोबर जागी जाईपर्यंत एक वर्ष जातं. हे माझ्या आणि घरी येणाऱ्या मुलांच्या अनुभवावरून सांगते आहे. बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात खचतात. नवेपणा ओसरलेला असतो आणि जुन्या भाषेत दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला अख्खी दुपार जात असते. तो महिना सगळ्यांनाच येतो, तेव्हा 'आपल्याला जमत नाही' असा अर्थ काढू नका.

कोणती आवृत्ती शिकू?

१७ किंवा २१. पण २०१४ सालची आठवी आवृत्ती अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे, तेव्हा ती वाचता आली पाहिजे.

दोन्हींत सगळ्यात मोठा फरक कोणता?

सिंटॅक्स नव्हे. कंस, सेमीकोलन, क्लास, हे सगळं ओळखीचंच वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. फरक आहे प्रोग्राम जगतो किती वेळ, यात.

रिक्वेस्ट म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली एक मागणी. पीएचपीची रिक्वेस्ट म्हणजे पत्रावळ. जेवण झालं की उचलली, पुढच्या पंगतीला कोरी पत्रावळ. तुम्ही व्हेरिएबलमध्ये काहीही ठेवा, स्टॅटिकमध्ये ठेवा, उत्तर गेलं की सगळं पुसलं जातं. जावाचा सर्व्हर म्हणजे घरातलं ताट. तेच ताट धुऊन पुढच्याला वाढायचं. न धुता वाढलं तर आधीच्याचं खरकटं पुढच्याच्या पानात. आणि सर्व्हरवर गर्दी असली की दोघं एकाच वेळी त्याच ताटात जेवत असतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी चुकलेच. जावावर येऊन मला दोन महिने झाले होते. इतवारीतल्या किराणा ठोक व्यापाऱ्यांसाठी ऑर्डर आणि बिलांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. बिल तयार करणाऱ्या क्लासमध्ये मी ग्राहकाचं नाव क्लासच्याच एका फील्डमध्ये, म्हणजे क्लासच्या स्वतःच्या खणात, ठेवलं. पीएचपीत आठ वर्षं तसंच करत आले होते. जावाच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये असा क्लास आपण वेगळं काही सांगितलं नाही तर एकदाच तयार होतो आणि सगळ्या रिक्वेस्ट तोच वापरतात. माझ्या मशिनवर सगळं बरोबर. टेस्टिंग करणाऱ्या मुलीकडेही बरोबर, कारण ती एकटीच बटणं दाबत होती.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला. "ताई, माल माझा आहे, भाव माझा आहे, नाव दुसऱ्याच दुकानाचं आहे." रात्री अकरापर्यंत मी लॉग चाळत बसले. मग एका जागी दोन ओळी दिसल्या, एकाच सेकंदातल्या, थ्रेडचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे, नंबर वेगळे. पहिल्या रिक्वेस्टने नाव लिहिलं, ते छापून व्हायच्या आत दुसरीने त्याच जागी आपलं नाव लिहिलं. दुरुस्ती चार ओळींची होती: फील्ड काढून टाकलं, ग्राहक मेथडला आर्ग्युमेंट म्हणून दिला. पण त्याआधी किती बिलं चुकीची गेली ते एकेक करून ताडायला दोन दिवस लागले, आणि त्या प्रत्येक दुकानाला मी स्वतः फोन केला. त्या दिवसापासून कुठल्याही क्लासमध्ये फील्ड दिसलं की मी आधी विचारते: हे कोणाकोणाचं आहे?

डेटाबेसच्या कनेक्शनचंही असंच. पीएचपीत साधारणपणे रिक्वेस्ट संपली की कनेक्शन आपोआप सुटतं, त्यामुळे ते बंद करायची सवय हाताला नसते. स्प्रिंग बूटमध्ये कनेक्शनचा एक साठा असतो, आणि आपण काही बदललं नाही तर त्यात जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. दहा ठिकाणी घेतलेलं परत केलं नाही तर अकरावा ३० सेकंद ताटकळतो आणि मग एरर येते. साइट अधूनमधून अर्धा मिनिट अडकते आणि रीस्टार्ट केल्यावर बरी होते, असं कोणी सांगितलं की मी आधी तिथं पाहते.

बाकी कुठं कुठं पाय घसरतो?

पैशांच्या हिशेबात सगळ्यात जास्त. पीएचपीत ७ भागिले २ केले की साडेतीन येतात. जावात दोन्ही पूर्णांक असतील तर ३ येतात, उरलेला अर्धा गुपचूप जातो. १८ टक्के जीएसटी काढताना कोणी आधी १८ भागिले १०० करून मग रकमेने गुणलं, तर भागाकार शून्य, कर शून्य. ना एरर, ना लाल ओळ. एका मुलाने हे तीन तास शोधलं, आणि सापडल्यावर त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. दशांश आकड्यात करावं तर तिथं ०.१ अधिक ०.२ म्हणजे नेमके ०.३ होत नाहीत, ती अडचण पीएचपीतही होतीच. जावात पैशांसाठी बिगडेसिमल हा नेमका दशांश ठेवणारा प्रकार वापरा, आणि त्याला आकडा अवतरणचिन्हात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्या. नाहीतर चुकीचा दशांशच आत जाऊन बसतो.

काही जण रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवतात. चांगली पद्धत आहे, पण इंटमध्ये, म्हणजे जावाच्या नेहमीच्या पूर्णांकात, नको. इंटची मर्यादा २१४७४८३६४७. पैशांत धरलं तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये आणि ४७ पैसे. कळमन्यातल्या एखाद्या आडत्याची वर्षाची उलाढाल सहज तिथवर जाते, आणि त्यापुढे एक पैसा वाढला की आकडा थेट उणे होतो. पीएचपी तिच्या पूर्णांकाची मर्यादा ओलांडली की स्वतःहून दशांश आकड्यावर जाते, जावा जात नाही. लाँग हा मोठा पूर्णांक वापरा.

मग ती दोन बरोबरची खूण. जावात स्ट्रिंगवर == लावलं तर मजकूर सारखा आहे का हे न पाहता वस्तू तीच आहे का हे पाहिलं जातं, त्यामुळे इक्वल्स वापरायचं असतं. हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यात कळतं. इंटीजर या क्लासचं मात्र उशिरा कळतं, कारण जावा उणे १२८ ते १२७ एवढे आकडे आधीच तयार करून तेच पुन्हा पुन्हा देते. म्हणून ग्राहक क्रमांक १२७ पर्यंत == चालतं आणि १२८ पासून बिघडतं. टेस्टिंगला वीस ग्राहक घेतले असतील तर सापडणारच नाही.

पीएचपीचा ॲरे यादीही असतो आणि नोंदवहीही, आणि घातलेला क्रम तो लक्षात ठेवतो. जावात यादीला ॲरेलिस्ट, जोड्यांना हॅशमॅप, आणि हॅशमॅप क्रम पाळत नाही. रिपोर्टमधले रकाने इकडचे तिकडे झाले तर लिंक्डहॅशमॅप घ्या. शिवाय पीएचपीत ॲरे दुसऱ्या व्हेरिएबलला दिला की त्याची वेगळी प्रत झाल्यासारखी वागते. जावात दोन्ही नावं एकाच यादीची.

मराठी मजकुराचं काय? आमच्या ॲपमध्ये नावं मराठीत आहेत.

हा प्रश्न कमी जण विचारतात, आणि मला तो सगळ्यात आवडतो.

'नागपूर' हा शब्द घ्या. आपण वाचतो तेव्हा अक्षरं चार: ना, ग, पू, र. पीएचपीत लांबी मोजणाऱ्या साध्या स्ट्रलेनला विचारा, उत्तर १८. जावाच्या लेंथला विचारा, उत्तर ६. तिघंही खरं बोलताहेत. काना आणि ऊकार संगणकात वेगळ्या खुणा म्हणून साठवले जातात, म्हणून ४ ची ६ होतात. आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, म्हणून ६ ची १८. आता विचार करा, जुन्या कोडमध्ये 'नाव ३० पर्यंतच' अशी अट बाइटवर लावलेली होती आणि तुम्ही ती तशीच जावात उतरवली. पूर्वी नाव दहा खुणांतच कापलं जायचं, आता तीस खुणांपर्यंत जातं, आणि डेटाबेसचा रकाना किंवा छपाईचा साचा जुन्या मापाचा असतो.

एसएमएस पाठवत असाल तर आणखी एक. इंग्रजी मजकुराला एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीला ७०. तिथं मोजदाद या सहाच्या हिशेबाने होते, चारच्या नव्हे. बिल एसएमएसच्या संख्येवर येतं, म्हणून मालकाला हे आधीच सांगा.

आणि जुन्या जावावर विंडोज मशिनवर फाइल वाचताना मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. मार्च २०२२ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीच्या आधी जावा मशिनचीच एन्कोडिंग, म्हणजे मजकूर साठवण्याची पद्धत, धरून चालत असे. वाचताना आणि लिहिताना यूटीएफ-८ स्वतः लिहून द्या.

सिनिअर म्हणतात, 'तुझा जावा कोड पीएचपीसारखा दिसून राहिला.' म्हणजे काय?

आपण 'मी जाऊन राहिली', 'तो येऊन राहिला' म्हणतो. पुण्यात एवढ्या एका वाक्यावरून समोरच्याला कळतं, माणूस विदर्भातला. शब्द मराठी, वळण शेजारच्या हिंदीचं. बोलण्यातलं ते वळण माझं घर आहे आणि मी ते कोणासाठी बदलणार नाही. कोडचं तसं नाही. तो माझ्यानंतर दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचा आहे, आणि त्याला पीएचपी येत असेलच असं नाही.

जुनं वळण कशावरून ओळखायचं? सगळी माहिती मॅपमध्ये कोंबलेली असते आणि किल्ल्या म्हणजे हाताने लिहिलेल्या स्ट्रिंग. एका जागी 'फोन' लिहिलं, दुसऱ्या जागी 'मोबाइल', की संपलं. सगळ्या मेथड स्टॅटिक असतात. एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, पकडून नुसतं फॉल्स परत दिलेलं असतं, म्हणजे खरी चूक काय झाली ते कायमचं हरवलं. यावर माझा उपाय एकच आहे: मॅप लिहायला हात गेला की थांबा आणि त्या माहितीला नाव द्या. ग्राहक, बिल, बिलाची ओळ. १६ व्या आवृत्तीपासून जावात रेकॉर्ड हा प्रकार पक्का झाला, एका ओळीत असा छोटा टाइप लिहून होतो. नाव दिलं की कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्राम, तुमच्या बाजूने पहारा करतो. पीएचपीवाल्यांना कंपायलर सुरुवातीला सारखा टोकणारा वाटतो. दोनेक महिन्यांनी त्याच्याशिवाय करमत नाही.

माझा पाच वर्षांचा अनुभव वाया जाणार का?

नाही, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते. डेटाबेसशी बोलायचं एसक्यूएल तुमच्यासोबत येतं, वेबचं एचटीटीपी येतं, कोडचे बदल सांभाळणारं गिट येतं, लॉग वाचण्याची नजर येते. ग्राहक 'चालत नाही' म्हणतो तेव्हा नेमकं काय विचारायचं, हे तर कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. इतवारीतल्या त्या गोंधळात मला तारलं ते पीएचपीतल्या काळात लागलेल्या सवयीनेच: लॉगमध्ये वेळ आणि वापरणाऱ्याचा क्रमांक छापायचाच.

पगाराचं वेगळं. पहिल्या बदलात तो फारसा वाढला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. माझा वाढला नव्हता. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. भाषा बदलत असाल तर विषय तोच ठेवा. मी बिलांतून बिलांतच आले, म्हणून जीएसटी, उधारी, परतावा हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. शक्य असेल तर आहे त्याच कंपनीत जावाचं छोटं काम मागून घ्या. तिथं तुमच्यावर विश्वास आधीच बसलेला असतो.

आता एआयच कोड लिहून देतं. मग भाषा शिकायचीच काहून?

मीही रोज वापरते. जुना पीएचपीचा तुकडा टाकला की जावा समोर येतो, आणि बहुतेकदा तो चालतो. पण ग्राहकाचं नाव फील्डमध्ये ठेवणारा माझा क्लासही चालतच होता. पीएचपीचा क्लास जसाच्या तसा उतरवून मागितला की ते फील्डही बरोबर उतरून येण्याचा धोका असतो. त्याच्याकडून लिहून घ्या, पण पाठवण्याआधी प्रत्येक ओळ दुसऱ्याला समजावता येते का ते पाहा. शिकताना मी उलटं करायला सांगते: तुम्ही लिहा आणि त्याला विचारा, यात पीएचपीचं वळण कुठं राहिलं? त्या प्रश्नाला तो चांगली उत्तरं देतो.

आमच्या कंपनीला जुनं अख्खं सॉफ्टवेअरच जावात नव्याने लिहायचं आहे. करावं का?

सगळं एकदम पाडून लिहू नका. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९८ मध्ये आपला ब्राउझर मुळापासून लिहायचं ठरवलं. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही, सहावी आली ती २००० च्या नोव्हेंबरात, आणि तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार घेतला होता. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या अटी बहुधा कोणत्यातरी खऱ्या ग्राहकाच्या खऱ्या तक्रारीतून आलेल्या असतात. नव्याने लिहिताना त्या गळतात आणि तक्रारी पुन्हा पहिल्यापासून येतात.

ताडावर वड उगवलेला तुम्ही पाहिला असेल. वड आधी ताडाच्या आधाराने वाढतो, मुळं खाली सोडतो, आणि ताड वाळतो तेव्हा वड स्वतःच्या पायावर उभा असतो. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये याच जातीच्या झाडावरून सॉफ्टवेअर बदलण्याच्या एका पद्धतीला नाव दिलं. करायचं असं: समोर एक राउटर, म्हणजे कोणती रिक्वेस्ट कुठे जाईल ते ठरवणारा प्रोग्राम, ठेवा, एकच काम, समजा साठ्याचा रिपोर्ट, जावात लिहा आणि तेवढीच रिक्वेस्ट नव्याकडे वळवा. महिनाभर दोन्हींची उत्तरं ताडून पाहा. मग पुढचं काम. बिलं सगळ्यात शेवटी घ्या.

क्लास लावू का?

एकट्याने बसवत नसेल तर लावा, वेळेला बांधून ठेवायला उपयोग होतो. फी भरण्याआधी एकच विचारा: शेवटी आम्ही स्वतः काय बांधणार आणि ते कोण तपासणार? नुसत्या प्रमाणपत्राने मुलाखतीत काही होत नाही.

नोकरी, घर सांभाळून वेळ कसा काढायचा?

मी सकाळी साडेपाच ते सात बसायचे. नागपूरच्या मे महिन्यात तेवढीच वेळ डोकं थंड असतं. रात्री दिवसभराच्या पीएचपीनंतर जावा लिहिली की दोन्हींची सरमिसळ व्हायची. सासूबाईंनी ती सकाळ माझ्यासाठी राखली, चहासुद्धा त्याच करायच्या. घरात आधी सांगून ठेवा की सहा महिने असं चालणार आहे.

यासाठी पुण्याला जावंच लागेल का?

नाही. तिकडे जागा जास्त आहेत हे खरं. पण मी गेले नाही.

पहिला प्रोग्राम कोणता लिहू?

विजेचं बिल. घरातलं महावितरणचं कागदी बिल समोर ठेवा. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढा, वर स्थिर आकार आणि वीज शुल्क. दर तुमच्या बिलावरूनच घ्या. युनिट द्यायचे आणि रक्कम पैशापर्यंत जुळवायची. यात पूर्णांकाचा भागाकार येतो, बिगडेसिमल येतो, टप्प्यांची यादी येते, रेकॉर्ड येतो. उत्तर बरोबर आहे का हे मला विचारायची गरज नाही, ते बिलावर छापलेलं आहे. जुळलं की मागच्या वर्षाची बाराही बिलं काढा आणि तीही जुळवा. एखादं बहुधा काही पैशांनी हुकेल. मग पूर्णांकन कुठल्या टप्प्यावर केलं ते शोधा, आणि सापडलं नाही तर ते बिल घेऊन रविवारी या.